आईच्या नावाचं कार्ड

भावसिंग आडे यांच्या दुकानाच्या पाटीवर अजून 'ई-मेल' हा शब्द आहे. आर्णीच्या बसस्टँडमागच्या त्या गल्लीत बाकीच्या दुकानांच्या पाट्या दरवर्षी बदलतात, नव्या योजनांची नावं येतात. भावसिंगभाऊंची पाटी तीच आहे. पन्नाशी ओलांडलेला हा बंजारा माणूस आधी तहसीलसमोर टाइपरायटर घेऊन बसायचा. लोकांचे अर्ज टाइप करता करता त्यांना एक सवय लागली. कागद हातात देण्याआधी ते तो मोठ्याने वाचून दाखवायचे. कॉम्प्युटर आला तरी ती गेली नाही. मेल आला की प्रिंट काढायची, वाचून दाखवायचं आणि घडी करून द्यायचं.

हल्ली सगळ्यांच्या हातात फोन आहे. पण नोकरीच्या, कॉलेजच्या, कंपनीच्या कागदांना ई-मेल लागतोच, आणि फॉर्म भरताना भावसिंगभाऊंनी बहुतेकांच्या कागदांवर आपल्या दुकानाचाच पत्ता टाकलेला असतो. त्यामुळे आर्णीची आणि आसपासच्या तांड्यांमधली कितीतरी पोरं बाहेरगावाहून जे काही पाठवतात ते आधी त्यांच्या मशीनवर उतरतं.

त्यांची पत्ते ठेवायची रीतही त्यांचीच. पत्ता मुलाचा, पण कार्डावर नाव आईचं. मी एकदा विचारलं होतं, "भाऊ, इथं माझं नाव कायले? पत्ता तर राजदीपचा हाय."

"तुमाले राजदीप एक हाय, ताई. मले चार हायेत. दोन आर्णीचे, एक उमरखेडचा, एक ढाणकीचा. पण काउंटरवर कोण येते? माय येते. मी मायचं तोंड पाहतो अन् कार्ड काढतो. आजपर्यंत एक मेल इकडचा तिकडं नाई झाला."

तेव्हा मी हसले होते.

राजदीप माझा मुलगा. मालवाहू जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर आहे. आमच्या घरात त्याच्याआधी कुणी समुद्र पाहिला नव्हता, मी तर अजूनही पाहिलेला नाही. तो बंदरात असला की व्हिडिओ कॉल करतो. पण या जहाजावर काम करणाऱ्यांसाठीचं इंटरनेट सप्टेंबरच्या सुरुवातीलाच बंद पडलं. उरला फक्त कॅप्टनच्या ऑफिसचा मेल. त्यावर घरच्यांची पत्रं घेतात, पण कागदावर नोंदवलेल्या पत्त्यावरूनच. राजदीपच्या कागदांवर भावसिंगभाऊंच्या दुकानाचा पत्ता आहे. माझ्या फोनवरून पाठवलेलं तिथे पोचत नाही, आम्ही करून पाहिलं होतं.

मी बालवाडीत शिकवते. रोज दुकानात जाणं होत नाही. म्हणून आम्हा मायलेकात एक ठरलेलं आहे. काही कळवलं नाही, तर सगळं बरं आहे असं समजायचं.

दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी त्याचं पत्र आलं. भाऊंनी वाचून दाखवलं. "आई, सहा तारखेला जहाज सिंगापूरला लागतं. तिथे उतरून घरी येता येईल, किंवा कंपनी चार महिने वाढवून देते आहे. थांबलो तर पुढच्या परीक्षेला लागणारा समुद्रावरचा काळ पूर्ण होतो. कॅप्टनला दोन तारखेला संध्याकाळी सहापर्यंत सांगायचं आहे, तुमच्याकडच्या वेळेने. बाबा बरे आहेत ना? तुझं काही आलं नाही तर बरे आहेत असं धरून मी थांबतो."

बाबा बरे नव्हते. राजदीपचे वडील, धर्मपाल, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत. ऑगस्टमध्ये जिना चढताना छातीत दुखलं. आधी यवतमाळ, मग नागपूर. तीन ठिकाणी अडथळे निघाले. तेरा ऑक्टोबरला बायपास ठरली. आम्ही घरात तो शब्द उच्चारत नव्हतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अ‍ॅसिडिटी सांगायचे. मला तर त्यांनी बजावूनच ठेवलं होतं, "राजदीपले कायले सांगते? पाण्यात हाय तो. उडी मारून येईन का?"

पत्र घेऊन मी दोन दिवस फिरले. सांगू की नको, आणि कसं सांगू. शनिवारी दुकानात जाऊन टाइप केलं. काउंटरवर नवा कॉम्प्युटर आला होता, आदल्याच दिवशी. भाऊ त्याच्यासमोरून उठायला तयार नव्हते.

"पाहा ताई, पत्त्याची पुरी वही जशीच्या तशी याच्यात घेतली. बटन दाबलं का झालं!"

मी लिहिलं, त्यांनी 'ममता गणवीर' हे माझ्या नावाचं कार्ड काढलं आणि पाठवलं.

रविवार गेला, सोमवार गेला. उत्तर नाही. मंगळवारी गेले तेव्हा भाऊ म्हणाले, "गेला मेल. चुकीचा पत्ता असता त वापस आला असता. वापस नाई आला म्हणजे पोचला." बुधवारीही तेच म्हणाले. मला ते पटलं, कारण मला ते पटायला हवं होतं. पण पोचला असेल तर राजदीप गप्प का? रागावला असेल? जहाजाला काही झालं असेल? बुधवारी संध्याकाळी मुंबईला त्याच्या कंपनीत फोन लावला. तीन तारखेला ऑफिस उघडेल, असं मशीनने सांगितलं.

गुरुवारी, दोन तारखेला, दसरा. आमच्या वस्तीतली अर्धी माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. आम्ही यांच्या तब्येतीमुळे घरीच. सकाळचं वंदन झालं, यांच्या गोळ्या झाल्या, आणि मी फोन घेऊन बसले. माझ्या स्वतःच्या नावाचा एक मेल आहे, भाऊंनीच बालवाडीच्या कामासाठी काढून दिलेला. त्यात जाहिरातींशिवाय काही येत नाही, म्हणून मी महिनोन्‌महिने उघडत नाही. त्या दिवशी उघडला. राजदीपला दुसरा काही मार्ग सुचला असेल, या आशेने.

जाहिरातींच्या मधोमध एक पत्र होतं. 'प्रिय राजदीप, आशीर्वाद.' शनिवारचं. माझं.

मी ते उभ्याने वाचलं. पहिल्या भागात पावसाचं होतं. दुसऱ्यात शेजारच्या प्रियंकाच्या लग्नाचं. तिसऱ्यात, खाण्यापिण्याची काळजी घे. मग कुठेतरी, 'बाबांना जरा थकवा वाटतो, नागपूरच्या डॉक्टरांकडून एक छोटंसं काम करून घेऊ म्हणतात, तुला जमलं तर ये, पण परीक्षेचंही बघ.' हे त्याला पोचलं असतं, तरी तो थांबलाच असता. मराठी घेऊन बी.ए. केलेल्या बाईने इतकं लिहून काहीच सांगितलं नव्हतं.

साडेअकरा वाजले होते. यांना म्हटलं, बाजारातून येते.

भाऊंच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत नव्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू, पुढे नारळ. भाऊ धुतलेला पांढरा शर्ट घालून निघायच्या बेतात होते.

"या ताई. आज मात्र काही होत नाई हां. मशीन पुजली. आता उद्या सकाळपर्यंत हात लावाचा नाई."

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "प्रिय राजदीप..." आणि थांबले. पत्र कुणाला आलं ते त्यांनी पत्राच्या वरच्या ओळीत पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हे तुमालेच आलं?"

"मलाच. त्याले गेलंच नाही, भाऊ. आज सहा वाजेपर्यंत त्याले सांगायचं हाय. नाही सांगितलं तर तो चार महिने थांबते. अन् यांची बायपास तेराला हाय."

तो शब्द मी पहिल्यांदाच कुणाजवळ बोलले होते. भाऊंनी कॉम्प्युटरला एकदा हात जोडले, हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि बटण दाबलं.

पत्त्यांची वही उघडली. 'ममता गणवीर' एकच कार्ड, त्यात माझाच पत्ता. राजदीपच्या जहाजाचं कार्ड नाही. भाऊंनी यादीच्या तळाशी जाऊन एकूण आकडा पाहिला.

"दोनशे त्रेसष्ट," ते म्हणाले. "जुन्यावर चारशे बारा होते."

मग ते एकदम मागे टेकले. "मायला... यानं विचारलतं मले. वही घेतली तवा. 'एकाच नावाचे कार्ड दिसतात, एकत्र करू का?' मी म्हटलं, वा, किती हुशार हाय! 'हो' दाबलं."

आता माझ्याही लक्षात आलं. त्यांच्या वहीत माझ्या नावाची दोन कार्डं होती. एक माझं स्वतःचं आणि एक राजदीपचं, तेही माझ्याच नावाने. मशीनला वाटलं, एकच बाई आहे. त्याने पहिला पत्ता ठेवला आणि दुसरा पुसून टाकला. ज्या आईला दोन-तीन मुलं, तिचं एकच मूल उरलं होतं.

"जुनी पत्रं?" मी विचारलं. "त्याच्या आलेल्या पत्रावर पत्ता असन ना?"

"जुनी पत्रं नव्यावर नाई आणली. फक्त वही आणली."

मी पिशवीतून राजदीपच्या सप्टेंबरपासूनच्या तीन पत्रांचे कागद काढले. भाऊंनी वाचून, घडी करून दिलेले. पाठवणाऱ्याच्या जागी तिन्हींवर छापलं होतं, ममता गणवीर. मशीन पत्त्याऐवजी कार्डावरचं नाव दाखवतं, आणि कार्डावर त्यांनी मला बसवलेलं. मी कागद टेबलावर आपटले.

"तुमची ही रीत, भाऊ! पोराचं नाव लिहिलं असतं त काय बिघडलं असतं?"

त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "बोला ताई. बोला तुमी. पण बसा मांगं गाडीवर. जुनी मशीन घरी हाय, तांड्यावर."

तांडा अकरा किलोमीटर. मोटारसायकलवर मी मागे बसले. रस्त्यावर ठिकठिकाणी सोयाबीन वाळत घातलेलं, भाऊ त्याला वळसा घालत गाडी काढत होते. कुणीतरी ओळखीचं ओरडलं, "भावसिंग, सोनं लुटाले निघाला का?" त्यांनी हातही वर केला नाही. मी घड्याळ बघत होते. सव्वाबारा.

घरी त्यांची आई, धनीबाई, ओसरीत बसली होती. सत्तरीच्या पुढची, हातभर बांगड्या घातलेली. जुना कॉम्प्युटर आतल्या खोलीत खाटेखाली होता. त्याच्यावर ज्वारीचं अर्धं पोतं.

"याडी, हे पोतं कोणं ठेवलं याच्यावर?" भाऊ आईला त्यांच्या बोलीतल्या शब्दानेच हाक मारतात.

"मी ठेवलं. तूच म्हणला ना, मेली म्हून मशीन. मेलेल्यावर पोतं ठेवू नाई त काय ठेवू?" मग माझ्याकडे बघून, "अन् सणाच्या दिवशी दुसऱ्याची बायको घेऊन फिरून राह्यला, ते बी सांग."

"राजदीपची माय हाय, याडी. पोराचा पत्ता याच्यात हाय."

"कोणता राजदीप? जहाजवाला?" म्हातारीने डोळे बारीक केले. "मंग पाहून काय राह्यला? काढ ना!"

पोतं काढलं. तार जोडली. बटण दाबलं. काही नाही. भाऊंनी पुन्हा दाबलं. मग भिंतीवरचा पंखा बघितला. तोही थांबलेला.

"लाइट गेली," धनीबाई म्हणाली. "दहा वाजल्यापासून नाई. आज येते का उद्या, त्याइलेच माहीत."

भाऊंनी कॉम्प्युटरचा डबा खाटेखालून ओढून काढला, चादरीत बांधला आणि माझ्या मांडीवर दिला. परतीचे अकरा किलोमीटर मी ते लोखंडी खोकं पोटाशी धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला वाटे, आतलं काहीतरी निसटेल आणि राजदीप त्याच्यासोबत. भाऊ एकदाच म्हणाले, "घट्ट धरा." अर्ध्या वाटेत चाकात खिळा शिरला. पंक्चरवाल्याचं दुकान बंद, तो जेवायला गेलेला. त्याची वाट पाहण्यात सव्वा तास गेला. मी रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले, खोकं मांडीवरच ठेवून. खाली ठेवायची हिंमत झाली नाही.

दुकानात पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. नव्या कॉम्प्युटरचा पडदा जुन्याला जोडला. घर्र असा आवाज झाला आणि बंद पडला. भाऊंनी डबा उघडला, आतली धूळ फुंकली, एक पट्टी काढून शर्टाला पुसून परत बसवली. पांढऱ्या शर्टावर काळा पट्टा उमटला. पुन्हा बटण. बंद. तिसऱ्यांदा पडद्यावर अक्षरं आली, पण पुढे जायला त्याला वीस मिनिटं लागली. भाऊ पडद्याशी बोलत होते, "चल बापा, चल. आजचा दिवस चल. मंग पाहिजे त मर."

वही उघडली. चारशे बारा. माझं नाव शोधत यादी वरखाली करताना मला कितीतरी आया दिसल्या. रुपीबाई पवार, तीन वेळा. विमलताई. हंसाबाई. आणि 'धनीबाई आडे' या कार्डावर भावसिंगभाऊंचा स्वतःचा पत्ता. त्यांनी आपलं कार्डही आईच्याच नावाने ठेवलं होतं. मघाशी बोललेलं मला परत घ्यावंसं वाटलं, पण वेळ नव्हता.

ममता गणवीर, दुसरं कार्ड. जहाजाचं नाव, मधे आकडे, मग टिंब, मग कंपनी. मी कागदावर एकेक अक्षर उतरवलं. भाऊंनी एकेक अक्षर उलट वाचून तपासलं. मग पडदा काढून नव्या मशीनला लावला, नवं कार्ड केलं.

"नाव काय देऊ?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली होता. "राजदीप?"

"माझंच राहू द्या. पुढं जहाज लिहा."

पत्र लिहायला बसले. चार पंचवीस. या वेळी तीनच ओळी लिहिल्या.

'राजदीप, बाबांच्या हृदयात तीन अडथळे आहेत. तेरा तारखेला नागपुरात बायपास आहे. तू थांबू नकोस, सिंगापूरला उतर आणि ये.'

भाऊंनी वाचून दाखवलं नाही. बटण मला दाबायला दिलं.

मग थांबणं. बाहेर गल्लीत माणसं एकमेकांना आपट्याची पानं देत होती. जो तो शटरखाली वाकून आत यायचा, भाऊंच्या हातात पान ठेवायचा, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," आणि भाऊ त्याची नजर चुकवून पडद्याकडे बघायचे. पाच वाजले. सव्वापाच. यांचा फोन आला, "कुठं हाय तू?" मी म्हटलं, मैत्रिणीकडे. साडेपाच. सहाला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावर ओळ उमटली.

ममता गणवीर, जहाज.

"आई, मी सकाळीच कॅप्टनला थांबतो म्हणून सांगून टाकलं होतं. तुझा मेल त्यांनी उघडला, मराठी कळेना म्हणून मला इंजिनरूममधून वर बोलावलं. आता परत सांगितलं. ते कंपनीला लिहीत आहेत. माझ्या जागी माणूस सिंगापूरला आला तरच सोडता येईल म्हणतात. उद्या कळेल. तू मला ऑगस्टमध्येच का नाही सांगितलंस?"

भाऊंनी हे मोठ्याने वाचलं. शेवटची ओळ वाचताना त्यांनी वेग कमी केला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

घरी येऊन मी यांना काही सांगितलं नाही. आणखी एक रात्र लपवलं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला दारात मोटारसायकल थांबली. काउंटर सोडून कुणाच्या घरी न जाणारे भावसिंगभाऊ दारात उभे. हातात घडी केलेला कागद. धर्मपाल खुर्चीत पेपर वाचत होते.

"या, या," ते म्हणाले. "आज इकडं कसे?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी कागद उघडला. "आई, माणूस मिळाला. सहाला उतरतोय, सातला रात्री नागपूर. बाबांना म्हण, मी येतोय."

पेपर खाली आला. "कायले येऊन राह्यला तो? परीक्षा?"

"त्याले मी लिहिलं," मी म्हटलं.

"काय लिहिलं?"

"तीन ओळी."

"दाखव."

कागद माझ्याकडे नव्हता. पण मला त्या पाठ होत्या. मी उभ्याउभ्या म्हणून दाखवल्या, तीन अडथळे, तेरा तारीख, बायपास, सगळं. भाऊ चपला बघत उभे राहिले. घरात तो शब्द इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच झाला होता, आणि काही कोसळलं नाही.

धर्मपालांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बराबर लिहिलं."

मी चहा ठेवायला वळले तर भाऊ म्हणाले, "चहा नाई, ताई. एकशे एकोणपन्नास कार्डं गेलेली हायेत, दुसरा पडदा बी मांगून आणला. जुन्यावरचं कोणी वाचून दाखवलं त मी नव्यावर चढवतो. ते केव्हा बंद पडन, सांगता येत नाई."

मी धर्मपालांकडे पाहिलं. "जा तू," ते म्हणाले आणि कपाटातून रिपोर्टची फाईल काढायला उठले. "मी हे तारखेवार लावून ठेवतो. त्याले सगळं पाहाले लागन."